नर्सबाईंची बाज आणि उलटी फिरलेली नीरा

काल टीव्हीवर समुद्रकाठच्या एका इस्पितळात त्सुनामीची तालीम दाखवत होते. धडधाकट माणसं स्ट्रेचरवर निजलेली, त्यांना उचलून जिन्यानं वर पळवताहेत... नातवंडं खो खो हसली. माझ्या अंगावर मात्र सर्रकन काटा आला.

कारण अशी तालीम मी पाहिलीय. १९५०च्या दशकात, समुद्रापासून कोसच्या कोस लांब, आमच्या नरसिंहपुरात!

मी नुकतीच लग्न होऊन आले होते. भीमा आणि नीरा जिथं भेटतात त्या संगमावर उंच घाट, घाटावर देऊळ, आणि खाली नदीलगत छोटासा दवाखाना. त्यात कोकणातून बदली होऊन आलेल्या एक नर्सबाई होत्या. शिडशिडीत, पण आवाज असा की अख्खी आळी जागी व्हावी.

त्यांनी लहानपणी समुद्र गावात शिरलेला पाहिला होता. आधी तो मागं गेला म्हणे... पोरं उघड्या वाळूत मासे गोळा करायला धावली, आणि मग तो परत आला. हे सांगताना बाई एवढ्या हळू बोलायच्या की आम्ही बायका पुढं सरकून ऐकायचो. आम्ही कुणी समुद्र बघितलेला नव्हता.

म्हणून पावसाळ्याआधी, नदीला पूर यायच्या आत, त्यांनी टुमणं लावलं. दवाखान्यातला पेशंट बाजेवर घालून देवळात न्यायची सवय गावानं करायची! बाजेला दोन्ही बाजूंनी कळकाचे, म्हणजे बांबूचे, दांडे बांधले, चार गडी उभे केले. पण बाजेवर निजायला कुणी तयार होईना. जित्या माणसानं चौघांच्या खांद्यावर जायचं? सासूबाईंनी तर कानांवर हात ठेवले. "इपरीत हाय बाई हे! आमच्यात तसं मेल्यावर नेत्यात!"

बाई चिडल्या आणि स्वतःच बाजेवर आडव्या झाल्या. "उचला!" म्हणाल्या. चौघं गडी एकमेकांच्या तोंडाकडं बघत उभे. हसावं का पळावं कुणाला कळेना...

शेवटी माझे सासरे पुढं झाले. तात्या म्हणायचे त्यांना सगळे, मी मामंजी म्हणायचे. देवाच्या पालखीच्या खांदेकऱ्यांचे ते म्होरके. म्हणाले, "तिरडी कशाला म्हनता? आमी पालखी म्हनून नेतो. चला रं!" झालं. गावाला तेवढंच पाहिजे होतं. पालखीच्या चालीत निघाले, हलगीवाला आला, आणि बायका दारात येऊन खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला लागल्या. बाई बाजेवरून ओरडताहेत, "अहो, मिरवणूक नाही ही! पळा!" पण पालखी कुठं पळते होय?

वाटेत खाली ठेवून खांदा बदला, हेही कुणी ऐकलं नाही. पालखी मधे टेकवत नाहीत. चालता चालताच खांदा द्यायचा. बाईंनी कपाळावर हात मारला.

त्याच पावसाळ्यात मी दवाखान्यात दाखल झाले. पहिलं बाळंतपण माहेरी, लोणी भापकरला व्हायचं, पण रस्ते बंद झाले. आमचे हे कामासाठी बारामतीला गेलेले, तिकडंच अडकले. मूल आडवं होतं. बाई घामाघूम होऊन ते फिरवायचा प्रयत्न करत होत्या, आणि भरदुपारी बाहेर ओरडा झाला, "पानी आलं!"

बाईंनी खिडकीतून एकदा पाहिलं. "तात्यांना बोलवा."

मला बाजेवर घातलं, आणि दाराबाहेर पडतो तोच पाणी माणसांच्या कमरेला लागलं. खांद्यावर उंच असल्यामुळं मला सगळं दिसत होतं. भीमा एवढी फुगली होती की तिनं नीरेला आत येऊच दिलं नाही. नीरा उलटी फिरली! कडब्याची एक अख्खी गंज नेहमीच्या प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला निघाली होती. कळा विसरून मी बघत राहिले. एवढं पाणी, आणि त्याचा तो घुमणारा आवाज... आजही कानात आहे.

मग मात्र मी घाबरले. चौघांच्या खांद्यावर आहे, संपलं माझं! मोठ्यानं रडायला लागले.

तेव्हा मामंजी बोलले. लग्नापासून माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मीही त्यांच्यासमोर डोईवरचा पदर कधी ढळू दिला नव्हता. पाणी त्यांच्या छातीला लागलेलं, माझ्याकडं न बघता म्हणाले, "सूनबाई, रडू नगा. पालखी हाय ही. ही मधी टेकत न्हाय."

आणि खरंच नाही टेकली. एकाचा पाय घसरला की दुसऱ्याचा खांदा आधीच खाली आलेला असायचा. कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. बाई शेजारून, मानेपर्यंतच्या पाण्यात, माझा हात धरून चालत होत्या. बाज खाली ठेवा असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत.

देवळाच्या ओवरीत मला उतरवलं. पालखी उतरल्यावर करतात तसं मामंजींनी वाकून बाजेला डोकं टेकलं... तिच्यावर मी होते हो, पदर कुठल्या कुठं गेलेली, चिखलानं माखलेली! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी वाटलं, आता मी मरत नाही.

बाईंनी मूल फिरवलं. मामंजी बाहेर पावसात उभेच होते. रडणं ऐकू आल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "दोघी बऱ्या हायेत न्हवं?" मुलगी झाल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलंही नव्हतं!

बाईंची पुढं बदली झाली, पुन्हा भेट नाही. त्यांच्यासाठी आणि मामंजींसाठी हे आज लिहायचं ठरवलं. मला टाइप करता येत नाही, मी बोलतेय आणि ती पावसातली मुलगीच लिहून घेतेय. आता सत्तरीला आलीय... मघापासून तिची बोटं थांबलीत, डोळे पुसतेय.

लिही गं बाई, पूर्ण कर. मग पोटभर रड.