मेंबर मागे बघत नसत

मागून हाक मारली की मेंबर आधी थांबत, मग टाचेवर अख्खे वळत आणि म्हणत, "बोला." चालताना नुसती मान वळवणं त्यांना मान्यच नव्हतं. तुम्ही एकदा हाक मारून बघायला हवी होती. साधं मीठ मागायचं असलं तरी सलाम ठोकावासा वाटायचा.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचं गाव त्यांचं. एकेकाळी पंचायत समितीचे मेंबर आणि तालुक्याच्या होमगार्डचे कमांडर. दुसऱ्या निवडणुकीत स्वतःच्या मोहल्ल्यानेच पाडलं, तेव्हा ते सौदीत जिझानजवळच्या आमच्या प्रकल्पावर पाइप फिटरांचे फोरमन होऊन आले. मी तिथे इंजिनिअर, नाशिकचा. "पुढच्याने मागे बघायचं नसतं, साहेब," ते मला सांगत. "माणसं येतायत, असं धरून चालायचं."

शुक्रवारी जेवणघरात त्यांची सभा भरे. बांगडा की कोंबडी, यावरही हात वर करून मतदान, आणि शेवटी गंभीर आवाजात "ठराव मंजूर." आम्ही हसायचो, पण हात वर करायचो.

एका उन्हाळ्यात कॅम्पवरून साइटवर नेणाऱ्या बसचा एसी बंद पडला. रस्त्यात एक वेल्डर बेशुद्ध पडला, तरी दुरुस्ती होईना. मेंबरांनी सभा घेतली. सकाळी बसमध्ये कुणी चढायचं नाही, सगळ्यांनी मिळून मॅनेजरच्या केबिनवर जायचं. सगळे हात वर गेले. पहिला हात त्यांच्याच मोहल्ल्यातल्या एका फिटरचा. त्याला इथे मेंबरांनीच आणलं होतं.

सकाळी मी मॅनेजरपाशी केबिनमध्ये होतो. खिडकीतून घोळका येताना दिसला. तेवढ्यात ड्रायव्हरने बस सुरू केली. तो फिटर शेजाऱ्याशी काहीतरी कुजबुजला आणि माघारी फिरला. मग एकेक करत सगळेच फिरले. मेंबर तेवढे ताठ मानेने येत राहिले.

"हम सब आए हैं, साब," आत येऊन ते म्हणाले.

मॅनेजरने खिडकीकडे बोट केलं. मेंबर टाचेवर वळले. बाहेर बस भरली होती.

"किसने भेजा? नाम बताओ," मॅनेजर म्हणाला.

"किसी ने नहीं. मैं अकेला आया."

तक्रार सगळ्यांची आहे, असं मी सांगू लागलो, तर मेंबरांनीच मला नजरेने गप्प केलं.

त्यांचं खुरूज निघालं, म्हणजे कायमचं घरी. तिकीट यायच्या आत बसचा एसी दुरुस्त झाला आणि मंडळी गारव्यात डुलक्या काढत कामावर जाऊ लागली. मला त्या डुलक्यांचा अजून राग येतो. नावं का सांगितली नाहीत, असं मी मेंबरांना विचारलं.

"त्यांनी हात वर केले होते ना, साहेब. मग मी त्यांचाच मेंबर." जरा थांबून म्हणाले, "गावात झालं ते सोसलं. वाटलं, परक्या मुलखात तरी आपली माणसं..."

निघताना कॅम्पच्या फाटकावर कुणी आलं नाही. विमानतळावर मीच सोडायला गेलो. आत जाताना ते एकदा तरी मागे बघतील म्हणून दारापाशी थांबलो. त्यांनी मान वळवली नाही. या वेळी मागे खरंच एक माणूस उभा होता. पण मागे कुणी नाही, असं धरूनच ते चालले होते.