उणे वीस हंडे

जामखेडजवळच्या आमच्या गावात मी शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा ग्रामसभेत मी फळ्यावर साधं समीकरण मांडलं: जमिनीत शंभर हंडे मुरले, आपण एकशेवीस उपसले, राहिले उणे वीस. घसा फोडून सांगितलं, आता तरी बोअर घेणं थांबवा, नाहीतर प्यायलाही उरणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, कळलं एकदाचं! तेवढ्यात शेजारचे तात्या उठले. "बरूबर हाय, गुरुजी. उने म्हंजी पानी खाली गेलंय. आजून खोल जाऊ." टाळ्या पडल्या. मी कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्याच दिवशी बोअरची गाडी आली. नारळ फोडायचा मान तात्यांनी मलाच दिला. मी मुकाट्यानं फोडला. माझ्या घरातही प्यायला थेंब नव्हता.