अकरा टोले

डार्लीन पेक्कला आमच्या कॉलेजच्या मेसमध्ये बशा धुते. मिनेसोटातलं हे छोटं कॉलेज. कर्मचाऱ्यांना दर सत्रात एक विषय फुकट शिकता येतो, पण सहसा कुणी त्या वाटेला जात नाही. डार्लीन मात्र सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या वाटेनं गेली आणि इतिहास घेऊन बसली.

मुख्य आचारी गस तिला छेडायचा. "काय गं, इतिहास शिकून बशा जास्त चकाकतात का?"

"नाही रे. पण धुताना डोकं रिकामं राहत नाही. तूही करून बघ."

एकेक विषय करत अकरा वर्षं गेली. उरला शेवटचा प्रबंध आणि त्यावरची तोंडी परीक्षा. जूनमध्ये मेस ठेकेदाराकडे जाणार होती, म्हणजे फुकटचं शिक्षणही बंद. आता नापास झाली तर पदवी कायमची हुकणार होती.

विषय तिनं निवडला होता आसपासच्या गावांतल्या चर्चच्या बायकांनी छापलेली पाककृतींची पुस्तकं. प्रत्येक पाककृतीखाली नाव नवऱ्याचं: मिसेस हॅरल्ड अमुक, मिसेस ऑस्कर तमुक. गावातल्या स्वयंपाकघरांत खरा शब्द कोणत्या बाईचा चालत होता, हे तिला त्यातून दाखवायचं होतं.

परीक्षा सगळ्यांना खुली असते. मीही मेसमध्येच कामाला; मागच्या खुर्चीत जाऊन बसले. तीन परीक्षकांपैकी प्रोफेसर थॉर्नबरींनी प्रबंध चाळला आणि शांतपणे विचारलं की पाककृती छापली म्हणजे ती घराघरांत खरंच रांधली जायची, हे कशावरून? पत्रं नाहीत, रोजनिशा नाहीत. "हा तुमचा अंदाज झाला. पुरावा कुठाय?"

डार्लीनचे साबणानं लाल झालेले हात टेबलावर होते. मग तिनं पिशवीतून एक जुनं पुस्तक काढून त्यांच्यापुढे सरकवलं.

"हे पाद्र्याच्या बायकोचं पुडिंग. पान बघा, कोरं करकरीत. आता हे बघा." दुसरं पान लोण्यानं आरपार दिसत होतं, कडेला पिठाच्या बोटांचे ठसे वाळलेले. "मिसेस ऑस्कर लुंड, वेलदोड्याचा पाव. एकतीस घरांतल्या प्रती पाहिल्या मी. एकोणतीस घरांत हेच पान असं आहे. प्रोफेसर, मी सव्वीस वर्षं उष्ट्या बशा धुतेय. जेवण छान होतं असं सगळेच म्हणतात. खरं काय ते बशी सांगते."

थॉर्नबरी पानावर वाकले. "या बाईंचं स्वतःचं नाव?"

"आयली. तिच्या लेकीला भेटून विचारून आले. प्रबंधात बेचाळिसाव्या पानावर आहे, तुम्ही ते उलटलं नाहीत."

बाकीचे दोन परीक्षक हसले. मग थॉर्नबरीही.

निकाल ठरवायला त्यांनी आम्हाला बाहेर थांबवलं. दहा मिनिटांनी दार उघडलं, आणि थॉर्नबरींनी घंटाघराची किल्ली तिच्या हातात ठेवली. मी धावत मेस गाठली.

आमच्याकडे पास झालेला विद्यार्थी जितकी वर्षं शिकला, तितके टोले देतो. सगळे चारच देतात. जेवायची वेळ होती. चौथ्या टोल्यानंतर लोकांनी पुन्हा काटे उचलले. पाचवा पडला, तसे ते हातातच राहिले. सातव्याला गसनं बशा धुण्याचं यंत्र बंद केलं. नवव्यापासून अख्खी मेस मोठ्यानं मोजत होती.

अकरावा टोला विरला. गसनं एप्रन बांधला आणि मोरीकडे निघाला. "तिला सांगा, आज इकडं फिरकायचं नाही," तो म्हणाला. "बशा माझ्याकडे आहेत."