कुंकू लावलेली डबी

तव्यावर धपाटं टाकलं आणि दार वाजलं. दारात मार्तंडराव. कपाळभर कुंकू, हातात अँटिऑक्सिडंट कॅप्सूलची डबी, डबीलाही कुंकू. देवीची पुजारकी घरात असताना ह्या गृहस्थानं लोकांच्या दुखण्यांवर दुकान मांडलंय. सोलापूरच्या हॉटेलात एका दुपारचं प्रशिक्षण घेतलं, वर जेवण फुकट, तेवढ्यावर ह्यांना माणसाच्या पेशी दिसायला लागल्या.

मागं दीपाली, तिच्या खांद्यावर मान टाकलेला शिवराज.

"वहिनी, तुम्ही बीएस्सी. हिला जरा समजवा. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात ह्याला. पोराच्या पेशींना गंज चढतोय, अन् ही दुसरी डबी घ्यायला कुचमतीय!"

दीपाली परंड्याकडची, आमच्या गल्लीत ब्लाउज शिवते. शिवराजला डाउन सिंड्रोम आहे कळल्यावर सासरी नुसती रडारड. हिनं मशीन ओसरीत ओढलं आणि पोराला शेजारी बसवलं. आता सहाव्या वर्षी ती मागेल तो हूक, मागेल ते बटण तो तिच्या हातात द्यायचा. द्यायचा म्हणते, कारण पंधरवड्यापूर्वी मार्तंडरावांनी त्याची थायरॉईडची गोळी बंद करायला लावली. कॅप्सूल म्हणे मुळापासून काम करते. तेव्हापासून पोर मशीनपाशी नुसतं पेंगतंय. डबी देवीपुढं ठेवून आणलेली, त्यामुळं दीपालीला नाही म्हणवेना.

"ह्या मुलांच्या पेशींवर तसा ताण जास्त आढळतो, ते खरं," मी म्हणाले. "पण अशा कॅप्सूलनी मुलं लवकर बोलली, शिकली, असं चाचण्यांत दिसलेलं नाही. आणि थायरॉईडची गोळी कुणाला विचारून बंद केलीत?"

"तुमचं सगळं पुस्तकी! हा प्रसाद आहे वहिनी, प्रसाद!"

दीपालीनं त्यांच्या हातातली डबी घेतली, उघडली आणि एक कॅप्सूल तळहातावर ठेवून पुढं धरली.

"परसाद हाय न्हवं? मग आदी तुमी घ्या, काका."

मार्तंडराव एक पायरी खाली उतरले.

"मला बीपी आहे गं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी काहीच घेत नाही."

आत माझं धपाटं करपलं. देवीचा हा सेवक डबी परत घेऊन तिचं झाकण नीट बसतंय का, तेवढंच बघत होता.

दीपाली हसलीसुद्धा नाही. तिनं शिवराजला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"काका, आत्ताच दवाखान्यात जाऊन ह्याचं रगत तपासायचंय. तुमच्या गाडीवर तेवढं सोडा."