कात्रीकाका आणि सतराव्याची शेपटी

"हलू नका! श्वास जपून! एकविसावा तुमच्या चपलेखाली आहे!"

विभागप्रमुख म्हणून रुजू व्हायला आलेल्या मॅडमचं प्रयोगशाळेत झालेलं स्वागत हे असं. टेबलाखालून आधी एक टक्कल बाहेर आलं, मग चष्मा, आणि पुष्कळ खटपटीनंतर पोट. तोवर मॅडम बगळ्यासारख्या एका पायावर उभ्या. टक्कलवाल्यांच्या मते पाच मिनिटं. पण तेवढ्यात एखादं झाड लावून त्याची फळं खाता आली असती. अखेर चपलेखालून तांदळाएवढा कागदाचा कपटा निघाला आणि सापडलेल्या नातवाला कुशीत घ्यावं तसा टक्कलवाल्यांनी तो तळहातावर घेतला.

हे कात्रीकाका. पेशीतल्या गुणसूत्रांचे फोटो मोठे करायचे, एकेक गुणसूत्र कात्रीने कापायचं आणि तक्त्यावर जोड्या लावायच्या, हा त्यांचा तीस वर्षांचा उद्योग. निरोगी पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं, तेवीस जोड्या, प्रत्येक जोडीला नंबर. कपटे उडू नयेत म्हणून खोलीत पंखा बंद, आणि शिंक आली तर जिन्यात जायचं. हेच काम करणारा कॉम्प्युटर कोपऱ्यात होता. त्यावर काकांचा जेवणाचा डबा असे.

महिनाभरात सर्जनचा फोन आला. एका बसचालकाच्या आतड्यातली कर्करोगाची गाठ वर्षापूर्वी काढली होती. आता यकृतात गाठ दिसली, तिचा तुकडा बाटलीतून काकांकडे आला होता.

"मॅडम, तुमच्या म्हाताऱ्याने बाटल्या बदलल्यात! वर्षापूर्वी सत्तेचाळीस गुणसूत्रं, आता एकाहत्तर? माणूस एकच आहे ना? म्हाताऱ्याला घरी बसवा, नाहीतर मी वर लिहितो."

मॅडमनाही ते पटलं. संध्याकाळपर्यंत अहवालावर सही करायची, नाहीतर काकांना घरी पाठवायचं. त्या खोलीत गेल्या.

"काका, खरं सांगा. बाटली बदलली?"

काकांनी जुना आणि नवा, दोन तक्ते शेजारी शेजारी मांडले. "आमची ही गणिताची मास्तरीण. पोरांनी कॉपी केली का, हे ती बरोबर उत्तरांवरून ओळखत नाही. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखंच असतं. चूक सारखी निघाली, की दोघांना उभं करते."

"मग?"

"हा सतरावा बघा. याला आठव्याची शेपटी चिकटलीय. वर्षापूर्वीची चूक. आता नव्यात शोधा."

मॅडम वाकल्या. नव्या तक्त्यात नुसता गोंधळ होता. कुणी तिघे, कुणी चौघे, एक तर कुणाचाच नाही. पण शेपटीवाला सतरावा होता. एक नव्हे, दोन!

"दोन कसे?"

"मधे कधीतरी पेशीने सगळा संसारच दुप्पट केला. सत्तेचाळीसचे चौऱ्याण्णव. मग गळती लागली. वीस पेशी मोजल्या मी, कुठे अडुसष्ट, कुठे त्र्याहत्तर. प्रत्येकीने जाता जाता नवी चूक केलीय, पण जुनी एकीनेही सोडली नाही. घराण्याची खूण आहे ती!"

मॅडमना आपण सही करायला आलोय याचा विसर पडला. "हा कुणाचाच नसलेला कोण?"

"तेच तर मला बघायचंय," काका म्हणाले, आणि त्यांनी भिंग मॅडमच्या हातात दिलं.

सूर्य मावळेपर्यंत दोन डोकी त्या कपट्यांवर होती. तो तिसऱ्याचे आणि अकराव्याचे तुकडे चिकटून झालेला निघाला, तेव्हा मॅडमनी टाळी वाजवली. तीन कपटे उडाले, काका ओरडले. मग मॅडमनी भिंग खाली ठेवलं.

"काका, म्हणजे बाटली त्याचीच."

"हो."

"म्हणजे आजार यकृतात पोचलाय."

काकांनी कात्री मिटून खिशात टाकली. "बदलली असती, तर बरं झालं असतं," ते म्हणाले.

मॅडमनी सही केली. काकांची नोकरी राहिली. बसचालक पाच महिन्यांनी वारला.