पोरीनं सांगितलेलं लंडन

आमची पोरगी व्हिएतनामला दोन वर्षं इंग्रजी शिकवून घरी आली, तेव्हा घरात आंघोळीपुरतं पाणी नव्हतं. लागोपाठ दुष्काळ पडले होते. औरंगाबाद मात्र चहूकडून वाढत होतं. कारखान्यांची कुंपणं पार करमाडपर्यंत गेली होती. आमच्या बाजूला एक इमारत पुरी होईस्तोवर दुसरीचे खड्डे पडत होते. बोअर आटलेलं. नळ आठवड्यातून एखाद्या वेळी, तोही त्याच्या मर्जीनं. टँकर आला की सगळी इमारत बादल्या घेऊन खाली.

मी चौथी शिकलेला माणूस. फर्दापूरच्या फाट्यावर, अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांना दगडं विकून मी घर चालवलं. दगडं म्हणजे खाणीत, विहिरीत निघणारे स्फटिक, फोडले की आतून जांभळे, हिरवे. इंग्रजी मला कुणी शिकवलं नाही, कानानं आलं. थोडं जपानी आलं, थोडं थाई. गुडघे गेले तसा शहरात आलो. पोरगी इंग्रजी शिकवायला परदेशी निघाली तेव्हा भावकीला लई नवल वाटलं, मला वाटलं नाही. तिनं पहिलं इंग्रजी माझ्या तोंडून ऐकलं असं मी चारचौघांत सांगायचो. अजून सांगतो.

तर त्या उन्हाळ्यात प्रश्न होता, आता पुढं कुठं. व्हिएतनामचा करार संपला होता. तिच्याकडं दोन जागा आल्या होत्या. एक बँकॉकची, मोठ्या लोकांच्या लहान पोरांची शाळा. पगार दणदणीत, राहायला खोली. दुसरी कंबोडियातली, भाताच्या शेतांमधल्या एका गावातली. पगार निम्म्यालाही लागत नव्हता.

"बँकॉक," मी म्हणालो. दुसऱ्या जागेचं तिचं सांगून व्हायचं होतं अजून.

देश पारखायची माझी एक रीत होती. सकाळी बस आली की आम्ही दगडवाले लेणी चढणाऱ्याच्या हातात एक बारका स्फटिक फुकट ठेवायचो. घे, भेट आहे, उतरताना माझ्या दुकानी ये. घेतला की तो माणूस माझा, दुसऱ्या कुणी त्याला हाक मारायची नाही. दुपारी उतरताना कोण त्या खड्याला जागतो आणि कोण बसच्या काचेकडं तोंड करून निघून जातो, हे मी जन्मभर बघितलं. थाई माणसं जागायची. पांढरे कपडे घालून यायची, लेण्यात मूर्तीपुढं बसायची, आणि उतरताना मला हुडकत यायची. घ्यायचं काही नसलं तरी खडा परत द्यायला यायची.

"बाबा, ही काय देश निवडायची रीत झाली का?"

"मग कोणती? पगार तर चोर बी देतो."

"आणि कंबोडिया?"

"तिथलं एक गिऱ्हाईक मी बघितलं नाय."

"गरीब आहेत ते. फिरायला कुठून येतील?"

"मग तुला पगार कुठून देतील?"

तिची आई तांदूळ निवडत होती. "एका खड्यावर पोरगी तोलायलेत," ती म्हणाली. "माझं लगीन ठरवताना तुमच्या बापानं एवढं तरी बघितलं व्हतं का?"

बँकॉकच्या बाईंनी लॅपटॉपवर मुलाखत ठेवली होती. त्या सकाळी पोरीनं हॉलमधली भिंत मोकळी केली. बुद्धाची तसबीर, वंदनेचं कॅलेंडर, तिच्या पदवीचा फोटो, सगळं काढून आतल्या पलंगावर ठेवलं. मी म्हणालो, थाई लोकांना बुद्धाची तसबीर दिसली तर बरंच की. ती म्हणाली, मागं मोकळं लागतं, तसा नियम असतो. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा कोपऱ्यात खुर्ची घेतली. तिला ते नको होतं, पण मला उठवणं सोपं नाही.

बाई गोड होत्या. हात जोडूनच पडद्यावर आल्या. पोरीनं लहान पोरांना कसं शिकवते ते दाखवलं, हातवारे करून गाणं म्हटलं. माझी छाती फुगली. मग त्या बाई म्हणाल्या, सगळं पसंत आहे. फक्त आमचे पालक फी जास्त भरतात, त्यांना शिक्षक इंग्लंडचा हवा असतो. तुमच्या आधीच्या मालकाशी मी बोलले. तिकडं तुमचं जे नाव होतं, तेच इथं ठेवू, आणि लंडनच्या म्हणूनच सांगू. चालेल ना?

पोरीला वाटत होतं की मला दगडाच्या सौद्यापुरतं इंग्रजी येतं. पण हे बोलणं सौद्याचंच होतं. शब्दन्‌शब्द कळला.

"चालेल," पोरगी म्हणाली.

नाव ऐकलं मी ते. एका गोऱ्या बाईचं नाव. इथं लिहिणार नाही.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. बायको फडक्यातून टँकरचं पाणी गाळत होती.

"पोरगी तिकडं दुसऱ्या नावानं राहत होती," मी म्हणालो.

तिनं हंडा खाली ठेवला नाही. "माहीत व्हतं मला."

"कधीपासून?"

"गेली त्याच महिन्यापासून. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही तिला माघारी आणली असती."

"आणलीच असती."

"म्हणून तर."

आता नाव म्हणजे आमच्याकडं काय, ते सांगतो. माझ्या आज्याला कचऱ्याचं नाव होतं. त्याच्या भावाला दगडाचं. गावानं हाक मारावी आणि हाकेतच माणसाची जागा दाखवावी, अशी नावं. माझ्या बापानं धर्म बदलला त्या सालापासून घरात एकही तसं नाव पडलं नाही. पोरीचं नाव मी स्वतः ठेवलं. शाळेच्या मास्तरनं दाखल्यात ते मोडून लिहिलं तर दुसऱ्या दिवशी कामधंदा सोडून गेलो, नीट लिहून घेतलं, समोर उभा राहून. ते नाव माझी पोरगी दोन वर्षं पेटीत ठेवून फिरत होती.

मुलाखत संपल्यावर मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"कुणी लावलं हे?"

"मालकानं. भारतातली म्हटलं तर आईबाप पोरं पाठवत नाहीत म्हणे. गोरी नाहीस, पण लंडनमध्ये सगळ्या रंगाची माणसं असतात, तिथली म्हण. दुसऱ्या दिवशी वर्ग होता."

"आणि तू म्हणालीस."

"म्हणाले. विमानाचं भाडं भरून गेले होते तिथं." मग तिनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही फाट्यावर कोण होतात, बाबा? गोरे काय म्हणून हाक मारायचे तुम्हाला?"

"ते दगडं विकायचं नाव. संध्याकाळी पेटी बंद केली की तिथंच राहायचं. घरी नाय आणलं कधी."

"माझंही वर्गातच राहायचं."

मी आणखी मोठ्यानं बोलायला लागलो. बायको म्हणाली, हळू बोला, खाली सगळी इमारत रांगेत उभी आहे. मी म्हणालो, ऐकू दे. ती पोरीला म्हणाली, "ते चित्रं दाखव यांना. थंड होतील."

पोरगी नको म्हणत होती. शेवटी आईनंच बॅगेतून कागद काढले. वर्गातल्या पोरांनी काढलेली चित्रं होती. पोरं रोज विचारायची, टीचर, तुमचं लंडन कसं आहे? हिनं लंडन कुठं बघितलंय? मग जे बघितलं होतं तेच सांगत गेली. एका कागदावर पांढरा घुमट आणि चार मिनार. हा आपला मकबरा. खाली इंग्रजीत लंडन. दुसऱ्यावर दगडी दरवाजा, आणि त्यातून अंग चोरून निघालेली बस. तिसऱ्यावर पाणचक्की, तीही धो धो पाण्याची. आमच्या पाणचक्कीच्या हौदात तेव्हा धड ओल नव्हती.

मला हसू यायला पाहिजे होतं. बायको हसत होती. मग शेवटचा कागद निघाला. डोंगर, डोंगरात ओळीनं काळी भोकं, म्हणजे लेणी. पुढं टोपी घातलेला एक माणूस, त्याच्या हातात रंगीत दगड. पोरीनं खालची ओळ वाचून दाखवली: टीचरचे वडील, लंडन.

कागद माझ्या हातातच राहिला. माझं घर, माझा डोंगर, मी स्वतः, सगळं नेऊन तिनं दुसऱ्याच्या गावात मांडलं होतं. आणि त्या लेकराला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. चांगलं काढलं होतं त्यानं. टोपी तर हुबेहूब.

"बँकॉकला जायचं नाय," मी म्हणालो.

"आता तुमचाच देश नको का?" बायको.

"देश चांगलाच आहे. ती शाळा नको."

"मी तिकडंच जाणार आहे," पोरगी म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. "तुम्हाला पटो न पटो. पगार नावाला नाही मिळत, बाबा, कामाला मिळतो. काम माझंच असतं."

कंबोडियाच्या हेडमास्तरांशी बोलायचं आधीच ठरलेलं होतं. नको म्हणून सांगायला तरी बोलावं लागेल, असं म्हणून ती दोन दिवसांनी पुन्हा लॅपटॉप घेऊन बसली. भिंत तशीच मोकळी होती. मी पुन्हा कोपऱ्यात. आमचं बोलणं बंद होतं, पण खुर्ची सोडली नव्हती मी.

हेडमास्तर माझ्याच वयाचे निघाले. चापून तेल लावलेलं, मागं पंखा गरगरतोय, कुठंतरी कोंबडा ओरडतोय. त्यांचं इंग्रजी माझ्यासारखंच, कानानं आलेलं. प्रवास, तब्येत विचारली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुमचं गाव कोणतं?"

"लंडन," पोरगी म्हणाली.

तिकडं हेडमास्तर थांबले. त्यांनी खाली बघितलं. तिच्या पासपोर्टची प्रत त्यांच्या पुढ्यातच होती. वर बघितलं.

कोपऱ्यातून मी पोरीकडं बघितलं. तिला खोटं सांग असं कुणी म्हटलं नव्हतं. इथं कुणाला लंडन नको होतं. विचारलं, आणि तोंडातून ते बाहेर पडलं, बस.

"माफ करा," ती म्हणाली. "फर्दापूर. भारत." तिचा आवाज एवढासा झाला होता. मग तिनं व्हिएतनामची सगळी गोष्ट त्यांना सांगितली, नाव कसं दिलं, का घेतलं. नोकरी मागणाऱ्यानं सांगू नये ते सगळं सांगितलं. हेडमास्तर ऐकत होते. शेवटी म्हणाले, आमच्याकडं पालक गाव विचारत नाहीत. मागची बाई अर्ध्या सालात निघून गेली, तेव्हा तुम्ही वर्षभर राहणार का, एवढंच विचारतील. ती म्हणाली, उद्या कळवते.

लॅपटॉप मिटला तरी ती त्यावर हात ठेवून बसून राहिली. मला बोलायला लई होतं. दोन दिवसांचं साठलं होतं. मी फक्त खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"ते आपोआप निघालं, बाबा," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनं बँकॉकला नको म्हणून कळवलं आणि कंबोडियाला होकार दिला. मी न राहवून म्हणालो, बरं झालं, ऐकलंस. ती म्हणाली, "तुमचं नाही ऐकलं. मी भ्याले. अजून दोन वर्षं तसं काढलं तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी तेच सांगेन."

जायला महिनाभर होता. त्या महिन्यात तिच्या आईनं एक खेळच केला. भाकरी थापताना, पाणी भरताना, मध्येच विचारायची, "कुठली गं तू?" पोरगी कधी चिडून, कधी हसून म्हणायची, "फर्दापूरची, आई, फर्दापूरची." मी मात्र एकदाही विचारलं नाही. तिला उत्तर द्यायला जरासा वेळ लागला असता, तर तेवढा वेळ मला काढता आला नसता.