पंचाचा मान

गावात चोरी झाली की पोलिसांना पंच लागायचे. जागेवर उभं राहून काय दिसतंय ते बघायचं, पंचनाम्यावर सही करायची, आन् पुढं कोर्टात जाऊन तेच सांगायचं. आमच्या वडगाव रासाईत हा मान दर खेपेला टेलरमामांना. घर मुसलमानाचं, पणज्यापासून इथलंच. अख्खं गाव त्यांना मामा म्हणायचं. त्यांचं दुकान माझ्या पिठाच्या गिरणीला लागून. सगळ्या गावाचं दळण माझ्याकडं, आन् पंच कोण, तर टेलर! माझ्या पोटात दुखायचं, खोटं कशाला बोलू.

तारीख आली की मामा इस्त्रीचा शर्ट घालून शिरूरच्या यष्टीला उभे. परत आले की वकिलानं काय इचारलं ते ऐकायला दुकानात माणसं जमायची. माझं कोण ऐकतंय? गिरणी चालू असली की माझं मलाच ऐकू येत न्हाई.

मग एकदा भीमेच्या काठावरची पाण्याची मोटार चोरीला गेली आन् दुसऱ्याच्या उसात सापडली. हवालदार गिरणीपुढंच उतरला. मी अंगावरचं पीठ झटकून पुढं झालो. तुमच्यावर केस हाय का? न्हाई. संशयिताशी भांडण? न्हाई. माझी छाती फुगली. मोटारवाला नात्यातला? आली का पंचाईत! चुलतभाऊच की माझा. मागल्या खेपेला साडू आडवा आला होता. आमच्या गावात दगड भिरकावला तर पाव्हण्यालाच लागतो.

हवालदारानं मला बाजूला केलं. बाहेरगावचे एक मास्तर घेतले, आन् मामांना इचारलं, गावात तुमचं नात्यातलं कोण? मामा म्हणाले, कुणी न्हाई. झालं, घेतलं त्यांनाच. दारात निम्मं गाव उभं होतं.

संध्याकाळी मी त्यांच्या मशीनपुढं बसून सगळी जळजळ ओकली. "मजा हाय मामा तुमची. दर वेळी तुम्हीच."

मामांनी सुईत दोरा ओवला. मान वर केली न्हाई.

"गावात माझं कुणी न्हाई, असं मी तुमच्या सगळ्यांच्या देखत म्हणालो," ते बोलले. "एक बी भाचा बोलला न्हाई."

मी उठलो आन् गिरणी चालू केली. दळायला कुणाचंच काही नव्हतं.